कापसाच्या चुकाऱ्याचा हिशेब नव्या वितरित डेटाबेसवर ठेवावा काय?

वाचकाचे पत्र (संक्षिप्त): मी यवतमाळ जिल्ह्यातील एका शेतकरी उत्पादक कंपनीचे संगणकाचे काम पाहतो. पांढरकवड्याला मुख्य कार्यालय व खरेदी केंद्र आहे, शिवाय पाटणबोरी, मारेगाव आणि घाटंजी येथे कापूस खरेदी केंद्रे आहेत. सर्व केंद्रे पांढरकवड्याच्या एकाच सर्व्हरवर नोंदी करतात. इंटरनेट तुटले की काटा थांबतो आणि गाड्यांची रांग लागते. पुण्यात नोकरी करणाऱ्या मित्राने एक नवा वितरित (अनेक संगणकांवर मिळून चालणारा) डेटाबेस सुचवला आहे. त्याची पहिली स्थिर आवृत्ती येऊन दीड वर्ष झाले. पांढरकवडा, मारेगाव आणि घाटंजी येथे एकेक नोड, म्हणजे त्या डेटाबेसचा एकेक संगणक, ठेवला की एक बंद पडला तरी काम चालू राहते, असे तो म्हणतो. दसऱ्यानंतर खरेदी सुरू होईल आणि त्याआधी संचालक मंडळाला निर्णय हवा आहे. हा डेटाबेस प्रत्यक्ष कामाला घेण्याइतका तयार आहे की नाही, हे मी कसे ठरवावे?

स. न. वि. वि.

तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. हा डेटाबेस भरवशाचा आहे काय, हा एक. आणि तो पूर्ण भरवशाचा निघाला तरी तुमची अडचण त्याने दूर होईल काय, हा दुसरा. तुम्ही पहिला विचारला आहे, पण मी दुसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण माझ्या मते निर्णय तेथेच होतो. तो आधीच सांगून ठेवतो: येत्या हंगामात वजनाची आणि चुकाऱ्याची मूळ नोंद या डेटाबेसवर ठेवू नये.

मित्राने सुचवलेल्या प्रकारच्या डेटाबेसमध्ये प्रत्येक नोंदीच्या प्रती तीन नोडवर राहतात आणि तिघांपैकी किमान दोघांनी होकार दिल्याशिवाय नोंद पक्की धरली जात नाही. पॅक्सॉस, राफ्ट अशी या बहुमताच्या पद्धतींची नावे आहेत आणि त्यांचे गणित पक्के आहे. तुमचे संचालक मंडळ गणपूर्तीशिवाय ठराव करू शकत नाही, तसेच येथेही आहे. म्हणून एक नोड बंद पडला तरी उरलेले दोन काम चालवतात, हे मित्राचे म्हणणे खरे आहे. पण तुमच्या पत्रावरून दिसते ते असे की, तुमच्याकडे यंत्र क्वचित बंद पडते आणि दोन यंत्रांमधली वाट वारंवार बंद पडते. रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली आणि मारेगाव एकटे पडले, तर मारेगावचा नोड चालू असूनही अल्पमतात जाईल आणि नवी नोंद घेण्यास नकार देईल. काटा आज थांबतो तसाच तेव्हाही थांबेल. पाटणबोरीला तर नोडच नाही, त्यामुळे तेथे काहीच बदलणार नाही. आणि ज्या दिवशी मारेगाव व घाटंजी दोन्ही तुटतील, त्या दिवशी पांढरकवडाही एकटे पडून अल्पमतात जाईल. म्हणजे जे केंद्र आज इंटरनेट नसतानाही शेजारच्या खोलीतल्या सर्व्हरवर निर्वेध चालते, तेही बंद पडेल. एवढा खर्च आणि कष्ट करून तुम्ही आजच्यापेक्षा वाईट स्थितीत जाल.

हा त्या डेटाबेसचा दोष नाही. नोडमधला संपर्क तुटला असताना सर्वत्र एकच खरा हिशेब आणि सर्वत्र चालू असलेले काम या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मिळत नाहीत, हे एरिक ब्रूअर यांनी २००० साली मांडले आणि २००२ साली गिल्बर्ट व लिंच यांनी गणिताने सिद्ध केले. काही डेटाबेस दुसरी बाजू निवडतात. ते तुटलेल्या दोन्ही बाजूंना नोंदी घेतात आणि संपर्क आल्यावर जुळवाजुळव करतात. कॅसँड्रा त्यांपैकी प्रसिद्ध आहे. तेथे एकाच रकान्यात दोन ठिकाणी बदल झाला असेल, तर ज्या बदलावर नंतरच्या वेळेचा शिक्का आहे तो राहतो आणि दुसरा काहीही न बोलता पुसला जातो. ज्या नोंदीवर शेतकऱ्याचे पैसे निघतात तिच्या बाबतीत मला हे मान्य होणार नाही.

तुमच्या कामाचे एक वैशिष्ट्य मात्र फार सोयीचे आहे आणि ते तुमच्या लक्षात आलेले दिसत नाही. मारेगावच्या काट्यावर आलेली गाडी मारेगावलाच भरलेली तोलली जाते, तेथेच कापूस उतरतो आणि तेथेच रिकामी तोलली जाते. एका पावतीचे सगळे आयुष्य एकाच केंद्रावर जाते. दोन केंद्रे एकाच पावतीत एकाच वेळी बदल करत नाहीत, म्हणून त्यांच्या परस्पर होकाराची गरजच नाही. प्रत्येक केंद्राच्या संगणकावर एसक्यूलाइटसारखा साधा, २००० सालापासून वापरात असलेला डेटाबेस ठेवा. पावती क्रमांकाच्या आधी केंद्राची खूण घाला, म्हणजे क्रमांक कधी एकमेकांवर येणार नाहीत. झालेली नोंद पुसू नका. चूक झाली तर दुरुस्तीची नवी नोंद करा. संपर्क असेल तेव्हा या नोंदी पांढरकवड्याच्या सर्व्हरवर, पोस्टग्रेस या जुन्या डेटाबेसमध्ये, चढत राहतील आणि एकच नोंद दोनदा चढली तरी क्रमांकावरून ती एकदाच धरली जाईल. पांढरकवड्याच्या सर्व्हरची सतत अद्ययावत होणारी दुसरी प्रत नागपुरात भाड्याच्या सर्व्हरवर ठेवा. चार केंद्रांच्या पावत्यांचा भार साधे यंत्र सहज पेलते. तुम्हाला वेग कमी पडलेला नाही.

चुकारा मात्र पांढरकवड्याहूनच निघू द्या. बँकेत पैसे पाठवण्याचा निर्णय दोन ठिकाणी होऊ लागला की एकाच पावतीचे पैसे दोनदा जाण्याचा धोका उभा राहतो आणि तो निस्तरणे फार अवघड असते. नोंद उशिरा पोहोचली तर चुकारा काही तास लांबेल. पण काटा थांबणार नाही आणि शेतकऱ्याच्या हातात वजनाची छापील पावती असेल.

आता तुमचा मूळ प्रश्न. पुढे केंद्रे वाढली, व्यवहार गुंतागुंतीचे झाले तर वितरित डेटाबेसची खरी गरज पडू शकते, म्हणून तो पारखायचा कसा हे सविस्तर सांगतो.

वयाला मी फार महत्त्व देत नाही. दीड वर्ष हे डेटाबेसच्या आयुष्यात थोडेच आहे, पण त्या काळात तो कोणी, कसा आणि कशासाठी वापरला हे अधिक सांगून जाते. प्रथम त्याच्या माहितीपुस्तिकेत तो नेमके कोणते वचन देतो ते वाचा. 'सुसंगत' एवढेच लिहिले असेल तर ते पुरेसे नाही. नुकतीच पक्की झालेली नोंद लगेच, कोणत्याही नोडवरून वाचली तर दिसेलच काय, हे स्पष्ट हवे. तुमच्या काट्यावर याचा अर्थ असा होतो: भरलेला ट्रॅक्टर तोलला, तो आवारात जाऊन रिकामा झाला आणि परत काट्यावर आला. आता वाचन मागे पडलेल्या प्रतीवरून झाले, तर ऑपरेटरला भरलेल्या गाडीचे वजन दिसणार नाही. मागे गाड्या उभ्या असताना तो थांबणार नाही. नवी पावती उघडेल. डेटाबेसने एकही अक्षर गमावलेले नसेल, तरी हिशेब बिघडलेला असेल. कित्येक डेटाबेसमध्ये वेग मिळावा म्हणून असे शिळे वाचन चालू ठेवलेले असते आणि पक्के वाचन आपण मागून घ्यावे लागते.

त्यानंतर त्याची त्रयस्थाकडून तपासणी झाली आहे काय, ते पाहा. काइल किंग्जबरी हे २०१३ पासून जेप्सन या नावाने वितरित डेटाबेसची परीक्षा घेत आले आहेत. ते नोडमधला संपर्क मुद्दाम तोडतात, घड्याळे मागेपुढे करतात, चालू प्रोग्राम (प्रक्रिया) मध्येच मारतात आणि मग दिलेली वचने पाळली गेली काय हे तपासून अहवाल प्रसिद्ध करतात. त्या अहवालात दोष निघाले म्हणून डेटाबेस बाद करू नका. जवळजवळ प्रत्येकात काही ना काही निघाले आहे. २०२० साली पोस्टग्रेसच्या १२.३ या आवृत्तीतसुद्धा व्यवहार एकमेकांपासून वेगळे ठेवण्याच्या सर्वांत कडक पातळीवर एक दोष सापडला, आणि त्याच्याइतका जुनाजाणता डेटाबेस शोधूनही मिळणार नाही. पाहायचे ते हे की, बनवणाऱ्यांनी दोष मान्य केला काय, तो कोणत्या आवृत्तीत दुरुस्त झाला आणि तो पुन्हा शिरू नये म्हणून कायमची चाचणी जोडली काय. तुमच्या डेटाबेसची अशी परीक्षा झालीच नसेल, तर त्याची वचने सध्या केवळ बनवणाऱ्यांच्या शब्दावर उभी आहेत असे समजा. त्याच्या तक्रारींच्या नोंदवहीत जाऊन नोंद हरवणे, प्रती न जुळणे, नोड पुन्हा सामील न होणे या विषयांवरच्या तक्रारी वाचा, आणि निकाली निघालेल्या अधिक लक्षपूर्वक वाचा. माहिती गमावल्याची तक्रार 'पुन्हा घडवून दाखवता आली नाही' एवढ्यावर बंद केलेली दिसली, तर मी तेथेच थांबेन.

पण कागदावरच्या कोणत्याही तपासणीपेक्षा तुमच्या हातची परीक्षा मोलाची आहे. तीन जुने संगणक घ्या, तेच जे तुम्ही केंद्रांवर वापरणार आहात, आणि एक छोटा प्रोग्राम लिहा. त्याने एकामागोमाग क्रमांकित पावत्या डेटाबेसमध्ये घालाव्यात आणि ज्या पावतीला 'जतन झाली' असे उत्तर आले तिचा क्रमांक चौथ्या, स्वतंत्र संगणकावरच्या साध्या फाइलमध्ये लिहावा. हे चालू असताना एका संगणकाची वीज काढा. संगणक रीतसर बंद करू नका, नुसती प्रक्रियाही मारू नका, भिंतीतला प्लग ओढा. प्रक्रिया मारली तरी ऑपरेटिंग सिस्टिमच्या स्मृतीत असलेले लिखाण नंतर डिस्कवर जातेच, त्यामुळे त्या परीक्षेत बहुतेक सगळे उत्तीर्ण होतात. लाईट जाते तेव्हा ती स्मृतीही जाते, आणि स्वस्त एसएसडी कधी कधी स्वतःच्या स्मृतीत असलेले लिखाण डिस्कवर पोहोचल्याचे सांगून मोकळ्या होतात. तिन्ही यंत्रांची वीज एकदम काढूनही पाहा, कारण लोडशेडिंग बहुमत पाहून होत नाही.

मग मोजा. फाइलमधला प्रत्येक क्रमांक डेटाबेसमध्ये सापडलाच पाहिजे. एकही कमी भरला तर परीक्षा संपली, मग त्याचे कारण काहीही सांगितले जावो. उलट, डेटाबेसमध्ये असलेला एखादा क्रमांक फाइलमध्ये नसेल तर तो दोष नाही. नोंद पक्की झाली आणि उत्तर परत येण्याआधी वाट तुटली, असे घडते. अशा वेळी प्रोग्रामला फक्त 'वेळ संपली' एवढेच कळते. नोंद झाली की नाही हे कळत नाही. तुमचा सध्याचा प्रोग्राम अशा वेळी पुन्हा नव्या क्रमांकाने नोंद करत असेल, तर दोन पावत्या होतील आणि तो दोष कोणताही डेटाबेस बदलून जाणार नाही. पावतीचा क्रमांक काट्यावरच ठरू द्या आणि पुन्हा पाठवताना तोच पाठवा.

संपर्क तोडण्याची परीक्षाही अशीच करा, पण केबल काढून थांबू नका. एका दिशेने माहितीची पाकिटे जातात आणि दुसऱ्या दिशेने येत नाहीत, अशी स्थिती फायरवॉलच्या नियमांनी निर्माण करा. लाइन काही सेकंद जाऊन परत येते, पुन्हा जाते, असे तासभर चालू ठेवा. मारेगावची लाइन पावसात अशीच वागत असणार. सरळ तुटलेल्या वाटेपेक्षा अशी अर्धवट वाट डेटाबेसला अधिक त्रास देते, कारण नोडपैकी नोंदींचा क्रम लावणारा नेता कोण याची निवडणूक पुन्हा पुन्हा सुरू होते. २१ ऑक्टोबर २०१८ रोजी गिटहब या प्रोग्रामरांचे काम साठवणाऱ्या संकेतस्थळाच्या अमेरिकेतील दोन ठिकाणांमधला संपर्क अवघे ४३ सेकंद तुटला होता. त्यातून दोन्ही बाजूंना एकमेकींकडे नसलेल्या नोंदी झाल्या आणि सेवा पूर्ववत व्हायला २४ तास ११ मिनिटे लागली. त्यांच्याकडे मायएसक्यूएलसारखा जुना डेटाबेस होता आणि तज्ज्ञांची फौज होती.

घड्याळाचा विषय वेगळा काढतो, कारण आपल्या भागात तो हमखास सुटतो. अनेक वितरित डेटाबेस नोंदींचा क्रम लावण्यासाठी नोडच्या घड्याळांवर काही प्रमाणात विसंबतात. कॉक्रोचडीबी या वितरित डेटाबेसमध्ये दोन नोडच्या घड्याळांत मूळ मांडणीनुसार जास्तीत जास्त ५०० मिलिसेकंद फरक चालतो आणि तो मर्यादेजवळ गेल्यास नोड स्वतःहून बंद होतो, जे योग्यच आहे. आता केंद्रावरच्या जुन्या संगणकाचा विचार करा. त्याच्या मदरबोर्डवरचा छोटा सेल संपलेला आहे. रात्री लाईट गेली, सकाळी आली, आणि संगणक भलत्याच वर्षाची तारीख घेऊन उठला. इंटरनेट असते तर त्याने वेळ दुरुस्त करून घेतली असती, पण तेही नाही. अशा नोडचे तुमचा डेटाबेस काय करतो? तो त्याला सामील करून घेतो, की दूर ठेवतो, की त्याच्या तारखेने नोंदी लिहू देतो? हे करून पाहा. आणि काहीही ठरले तरी चारही केंद्रांवरचे ते सेल या आठवड्यात बदलून घ्या, कारण एसक्यूलाइटमध्ये नोंदलेली पावतीची तारीखही त्याच घड्याळातून येणार आहे.

बॅकअपबाबत एकच मागणी धरा: कोऱ्या यंत्रावर तो परत उभा करून दाखवावा आणि हे काम तुमच्याशिवाय दुसऱ्या माणसाने लिहिलेल्या सूचनांवरून करावे. तीन प्रती म्हणजे बॅकअप नव्हे; चुकून दिलेला पुसण्याचा आदेश तिन्ही प्रतींवर सारख्याच निष्ठेने पोहोचतो. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या गिटहबसारख्याच सेवेच्या एका अभियंत्याकडून मुख्य डेटाबेसच्या फाइलच पुसल्या गेल्या. रोजचा बॅकअप घेणारा प्रोग्राम जुन्या आवृत्तीचा असल्यामुळे तो घेतलाच जात नव्हता आणि अपयशाच्या ईमेल कोणापर्यंत पोहोचत नव्हत्या, हे तेव्हा उघड झाले. योगायोगाने सहा तास आधी घेतलेली एक प्रत सापडली म्हणून निभावले, तरी त्या सहा तासांचे लिखाण गेले. बॅकअपच्या नुसत्या कागदावरच्या यादीवर विसंबू नका.

डेटाबेस बनवणाऱ्या कंपनीच्या आयुष्याचा विचार थोडक्यात. रीथिंकडीबी बनवणारी कंपनी २०१६ साली बंद झाली. फाउंडेशनडीबी २०१५ साली ॲपलने विकत घेतला आणि तो डाउनलोड करणे बंद झाले. २०१८ साली तो खुला झाला, पण मधली तीन वर्षे त्यावर विसंबलेल्यांनी काय करायचे? चांगल्या डेटाबेसच्याही बाबतीत असे घडते. म्हणून सगळा हिशेब साध्या एसक्यूएल किंवा सीएसव्ही फाइलमध्ये बाहेर काढून पोस्टग्रेसमध्ये घालता येतो काय, हे कामाला घेण्याआधीच एकदा करून पाहा. आवृत्ती बदलण्याचेही तसेच. नवी आवृत्ती चढवल्यावर जुनीकडे परत येता येते काय, हे विचारा आणि करून पाहा, कारण तरुण डेटाबेसच्या आवृत्त्या भराभर येतात.

राहिला माणसांचा प्रश्न, आणि तो माझ्या मते सर्वांत जड आहे. हंगामाच्या भरात रात्री नऊ वाजता दोन नोड एकमेकांशी बोलेनासे झाले, तर पांढरकवड्यात तुमच्याशिवाय कोण आहे? पोस्टग्रेस बिघडला तर यवतमाळ-नागपूरला तो जाणणारा माणूस मिळतो, वीस वर्षांची प्रश्नोत्तरे शोधता येतात. या नव्या डेटाबेसचा जाणकार म्हणजे तुमचा मित्र, आणि तो पुण्यात त्याच्या नोकरीत आहे. जे एकट्या माणसाला समजते त्यावर शेकडो घरांचे पैसे ठेवू नयेत.

तरीही तो दूर सारू नका. या हंगामात पांढरकवड्याला तो पोस्टग्रेसच्या शेजारी चालवा. रोज रात्री दिवसभराच्या पावत्या त्यात घाला आणि केंद्रनिहाय पावत्यांची संख्या, एकूण क्विंटल आणि एकूण रक्कम दोन्हीकडे जुळते काय ते एका वहीत लिहून ठेवा. त्यावर कोणाचाही चुकारा अवलंबून नसल्यामुळे तुम्ही त्याला निर्धास्तपणे छळू शकता. खरेदी आटोपल्यावर, मार्चनंतर, वर सांगितलेल्या परीक्षा घ्या. तेव्हा संगणकही मोकळे असतात आणि ४५ अंशांच्या उन्हात बंद खोलीत ही यंत्रे कशी वागतात तेही कळेल. एक पूर्ण हंगाम वही जुळली, प्लग ओढण्याच्या परीक्षेत एकही पावती गेली नाही, दुसऱ्या सहकाऱ्याने बॅकअप उभा करून दाखवला आणि एक आवृत्ती-बदल विनाविघ्न पार पडला, तर माझे मत बदलेल. तेव्हा आधी केंद्रांच्या साठ्याचे किंवा हजेरीचे काम त्यावर द्या.

संचालक मंडळाला सांगताना डेटाबेसच्या नावापासून सुरुवात करू नका. इंटरनेट नसतानाही चारही काटे चालतील, प्रत्येक पावती दोन ठिकाणी जपली जाईल आणि चुकारा एकाच ठिकाणाहून निघेल, एवढे सांगा. त्यासाठी लागणारा खर्च म्हणजे नागपूरच्या सर्व्हरचे भाडे, चार केंद्रांसाठी यूपीएस आणि घड्याळाचे सेल. मित्राने नवा डेटाबेस मनापासून सुचवला आहे, तेव्हा त्यालाही एप्रिलमध्ये दोन दिवस मारेगावला बोलवा आणि प्लग त्याच्याच हातून ओढवा.